माळ्यावरची ट्रंक उघडण्याआधी : स्त्रीमुक्ती चळवळीचे कागद जपण्याची रीत

महाराष्ट्रातील स्त्रीमुक्ती चळवळीचे पुष्कळसे कागद आजही कोणत्याही संग्रहालयात नाहीत. ते कुणा निवृत्त शिक्षिकेच्या माळ्यावर, बंद पडलेल्या कार्यालयातील लोखंडी कपाटात किंवा एखाद्या कार्यकर्तीच्या पलंगाखालच्या ट्रंकेत पडून आहेत. १९७२-७३ च्या महागाईविरोधी लाटणे मोर्च्यांत ज्या बायका विशी-तिशीत होत्या, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या पश्चात घर आवरायला काढले की ट्रंक एकतर रद्दीवाल्याकडे जाते, नाहीतर तिचे काय करावे हे ठाऊक नसलेल्या भाचीच्या किंवा सुनेच्या हाती पडते. हा लेख त्या भाचीसाठी आणि सुनेसाठी आहे. तिला अभिलेखशास्त्राचे शिक्षण असण्याची गरज नाही. एक वही, मऊ शिशाची पेन्सिल आणि चार-सहा निवांत रविवार एवढ्यावर काम सुरू होते.

पहिली पायरी : काहीही न हलवता पाहणे

ट्रंक उघडताच मनात येते ते वर्गीकरण. पत्रे एकीकडे, छायाचित्रे दुसरीकडे, कात्रणे तिसरीकडे लावावीत आणि ‘फालतू’ कागद टाकून द्यावेत, असे वाटते. हा मोह पहिल्या दिवशी पूर्णपणे आवरावा. कागद ज्या क्रमाने आणि ज्या सोबतीने ठेवलेले असतात, तो क्रमही पुरावाच असतो. मोर्च्याची परवानगी मागणारा अर्ज, त्याच मोर्च्याचे पत्रक आणि लाउडस्पीकरच्या भाड्याची पावती एकाच टाचणीत अडकवलेली असतील, तर पत्रकावर तारीख नसली तरी पावतीवरून ती कळते. तिन्ही कागद ‘आपापल्या’ ढिगात गेले की हा धागा कायमचा तुटतो.

येथे स्वतःची चूक सांगणे भाग आहे. पहिल्यांदा असे काम केले तेव्हा पत्रे नीट दिसावीत म्हणून मी ती पाकिटांतून काढून सपाट केली आणि रिकामी पाकिटे एका पिशवीत भरून बाजूला ठेवली. नंतर वाचायला बसल्यावर लक्षात आले की निम्म्या पत्रांवर ‘बुधवार, रात्री’ एवढीच तारीख आहे, वर्ष आणि गाव होते ते पाकिटांवरच्या टपालाच्या शिक्क्यांत, आणि आता कोणते पाकीट कोणत्या पत्राचे हे सांगायला कुणी उरले नव्हते.

म्हणून आधी उघड्या ट्रंकेचा वरून फोटो काढावा, मग प्रत्येक थर उचलण्यापूर्वी पुन्हा एक फोटो काढावा. गठ्ठ्यांना वरून खाली क्रमांक द्यावेत आणि क्रमांकाची चिठ्ठी गठ्ठ्यासोबत सुटी ठेवावी. मूळ कागदावर शाईने, बॉलपेनने किंवा मार्करने काहीही लिहू नये.

‘फालतू’ कागदांविषयीही थोडे सांगायला हवे. चळवळीचे अहवाल आणि ठराव बहुधा एकापेक्षा अधिक ठिकाणी सापडतात, पण पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती (पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारे भाग), हजेरीची वही, कोणी कोणत्या वस्तीत पत्रके वाटायची याची पाठकोऱ्या कागदावरची यादी या गोष्टी एकाच ठिकाणी असतात. वर्गणीच्या एका पुस्तकात मी रुपया-दोन रुपयांच्या पावत्यांवर नावापुढे ‘वाइंडिंग खाते’, म्हणजे कापडगिरणीतला सूत गुंडाळण्याचा विभाग, असे लिहिलेले पाहिले आहे. सभेला गिरणीतल्या बायका आल्या होत्या की नाही, या प्रश्नाचे उत्तर भाषणांच्या वृत्तांतात मिळत नाही, ते त्या दोन शब्दांत मिळते.

दुसरी पायरी : कागद वाचवणे

सत्तर-ऐंशीच्या दशकांतील संघटनांकडे पैसे नसत, त्यामुळे त्यांचा कागदही तसाच असे. सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून प्रती काढलेली, पत्रके शाई शोषणाऱ्या हलक्या, आम्लयुक्त कागदावर काढलेली असतात. ती पिवळी पडतात आणि घडीवर तुटतात. अशी घडी जबरदस्तीने उलगडू नये. कागद दमट हवेच्या दिवशी सावलीत काही तास उघडा ठेवला की थोडा नरम होतो. मग तो दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन ठेवावे.

टाचण्या, स्टेपलरच्या पिना आणि क्लिपा गंजतात आणि कागद खातात, म्हणून त्या काढाव्यात. पिनेची टोके मागच्या बाजूने बोथट सुरीने उचलून सरळ करावीत आणि मगच पिन पुढून ओढावी. पिनेत अडकलेले कागद पुन्हा एकत्रच राहतील अशा बेताने त्यांना साध्या कागदाच्या दुमडीत घालावे. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, कारण काही वर्षांत टेप सुटते आणि तिचा तपकिरी चिकटा मागे राहतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये. प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद सुरक्षित दिसतो, पण उष्णतेने चिकटवलेले ते आवरण मूळ कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही.

आम्लमुक्त कागदाच्या पेट्या मिळाल्या तर उत्तमच, पण त्यासाठी काम अडवून ठेवू नये. आपल्याकडच्या दफ्तरांत कागद कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आहे आणि ती घरीही वापरता येते. मांजरपाट दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी, नाहीतर खळीलाच कसर लागते. मग गठ्ठ्याच्या वर-खाली पुठ्ठा ठेवून तो कापडात सैलसर बांधावा. रबर बँड वापरू नयेत. डांबराच्या गोळ्या किंवा कीटकनाशक पावडर कागदांत टाकू नये, कारण ती कागदाला आणि हाताळणाऱ्याच्या फुप्फुसांना सारखीच वाईट. गठ्ठे जमिनीपासून वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवावेत आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावेत. कोकणात आणि मुंबईत तर आठवड्याला पाहिले तरी अति होणार नाही. बुरशी दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करावा, नाकाला मास्क बांधून घराबाहेर, सावलीत कोरडा होऊ द्यावा आणि नंतरच मऊ ब्रशने झटकावा. ओली बुरशी पुसायला गेल्यास ती कागदात अधिक मुरते.

फॅक्सचा गुळगुळीत कागद दिसला की तो सर्वांत आधी हाती घ्यावा. नव्वदच्या दशकातले अनेक फॅक्स आताच जवळजवळ कोरे झालेले आहेत आणि जे थोडे दिसते त्याची छायाप्रत आजच काढायला हवी.

तिसरी पायरी : बिनतारखेच्या पत्रकाला तारीख देणे

नवख्या माणसाची सर्वांत जास्त अडचण होते ती येथे. पत्रक लिहिणारीला ते चार दिवसांसाठी हवे असते. ‘येत्या शनिवारी, ८ मार्च रोजी’ असे लिहिले की तिचे काम भागते, आणि वर्ष लिहायचे तिच्या मनातही येत नाही. तरीही पत्रकात वर्ष शोधण्याच्या खुणा असतात.

हेच उदाहरण घेऊ. १९७५ ते १९९० या काळात ८ मार्च हा दिवस शनिवारी आला तो फक्त तीनदा : १९७५, १९८० आणि १९८६ मध्ये. म्हणजे वार आणि तारीख एवढ्यावरून सोळा वर्षांची तीन वर्षे झाली. आता मजकूर पाहावा. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, आणि त्या वर्षीच्या पत्रकांत त्याचा उल्लेख असण्याची शक्यता मोठी. पत्रकात मथुरा खटल्याच्या फेरविचाराची मागणी असेल, तर ते १९८० चेच. देसाईगंज येथील पोलिस चौकीत १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यानंतर मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८० च्या महिलादिनी देशभरातल्या शहरांत निदर्शने झाली. पत्रकात शहाबानो खटला आणि मुस्लिम स्त्रियांच्या पोटगीचे विधेयक यांची चर्चा असेल, तर १९८६ हे वर्ष जवळजवळ नक्की होते.

मजकुरातून काहीच कळत नसेल तर पत्ते वाचावेत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात पिन असेल तर पत्रक त्याआधीचे नाही. देसाईगंज ‘जिल्हा चंद्रपूर’ असे छापले असेल तर ते बहुधा २६ ऑगस्ट १९८२ पूर्वीचे असते, कारण त्या दिवशी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ चे आणि लातूर १६ ऑगस्ट १९८२ चा. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की जिल्हा बदलला तरी जुना पत्ता लोकांच्या हातातून लगेच जात नाही. अशा खुणेने वर्ष सिद्ध होत नाही, फक्त सुचते. दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या, खिळ्यांची (धातूच्या सुट्या अक्षरांची) छपाई आहे की संगणकावरची जुळणी, आणि तळाशी बारीक टाइपात असलेले मुद्रकाचे नाव याही गोष्टी पाहाव्यात. छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असावे, असे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले होते, त्यामुळे छापखान्याची ओळ पुष्कळदा सापडते. सायक्लोस्टाइलवर मात्र ती क्वचितच दिसते.

अंदाजाने काढलेली तारीख नेहमी चौकटी कंसात लिहावी आणि त्यापुढे आधार लिहावा : ‘[८ मार्च १९८०, वार आणि मथुरा खटल्याचा उल्लेख यांवरून]’. ज्याचा आधार दिलेला नाही अशी तारीख पुढच्या माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी असते.

एकोणिसाव्या शतकातील किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पत्रे हाती आली तर तारखा शके आणि तिथीत असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. अक्षर मोडी असेल तर स्वतः अंदाज बांधत बसू नये. मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रात आजही आहेत.

चौथी पायरी : नावे जुळवणे

स्त्रियांच्या कागदपत्रांत ही अडचण वेगळीच असते. बाळुताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावे आहेत, हे मराठी वाचकाला माहीत असते. पण तालुक्याच्या गावातील कार्यकर्तीची अशी तीन नावे जुळवून द्यायला कोणी नसते. लग्नाआधीचे नाव, सासरचे नाव, काही घरांत लग्नात बदललेले पहिले नाव, नंतर आडनाव टाकून आईचे नाव लावण्याचा निर्णय, आणि पत्राच्या शेवटी नुसते ‘तुझी, माई’. हजेरीवहीत ‘सौ. देशपांडे’ तीन असतील तर त्या तिघी वेगळ्या आहेत की एकच, हे सही पाहून ठरवावे लागते.

यासाठी वहीच्या मागच्या बाजूस व्यक्तीनुसार पाने ठेवावीत. प्रत्येक पानावर एका व्यक्तीची आढळलेली सर्व नावे, ज्या कागदावर ती आढळली त्याचा क्रमांक आणि दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत असे कशावरून मानले, हे लिहावे. खात्री नसेल तर दोन पाने वेगळी राहू द्यावीत. ती पुढे जोडता येतात, पण चुकून जोडलेली माणसे वेगळी करणे फार कठीण जाते.

संघटनांच्या नावांचेही असेच असते. महागाईविरोधी आंदोलनाची समिती संयुक्त होती; तिच्यात समाजवादी मृणाल गोरे होत्या आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकरही होत्या. अशा समितीचे कागद एकाच ठिकाणी कधी नसतात, ते घटक पक्षांच्या आणि कार्यकर्त्यांच्या दफ्तरांत वाटले गेलेले असतात. त्यामुळे ट्रंकेत इतिवृत्ताची वही अर्धीच सापडली तर उरलेली हरवली असे मानून चालू नये.

पाचवी पायरी : ज्यांना आठवते त्यांच्यासमोर बसणे

ही पायरी क्रमाने पाचवी असली तरी घाई सर्वांत जास्त हिचीच आहे. छायाचित्रातली डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारी व्यक्ती पुढच्या वर्षी असेलच असे नाही. छायाचित्रांच्या मोठ्या छायाप्रती काढून न्याव्यात, प्रत्येक चेहऱ्यावर छायाप्रतीतच क्रमांक घालावेत आणि विचारावे. ‘तुमचा अनुभव सांगा’ असे म्हटले की भाषण मिळते. ‘हा बॅनर कुणी रंगवला होता, कापड कुठून आणले’ असे विचारले की माणसे, गल्ल्या, भांडणे आणि सामोसे सगळे बाहेर येते. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे मोठ्याने बोलावीत आणि हे मुद्रण कोणी, कधी ऐकलेले चालेल याची लेखी संमती घ्यावी.

ज्यांच्याकडे ट्रंकच नव्हती, त्यांच्या बाबतीत मुलाखत हाच मुख्य दस्तऐवज असतो. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांनी १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहात भाग घेतला आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय पातळीवरची महिला परिषद भरवली. तरी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये त्या पुस्तकरूपाने आणल्या, तोवर त्यांतील बहुतेकींची नावे चळवळीच्या लिखित इतिहासात नव्हती. आपल्या गावातील परिषदेचे सगळे कागद एकाच आळीतल्या घरांतून मिळत असतील, तर बाकीच्या आळ्यांत जाऊन विचारायचे राहिले आहे एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या कॅसेटींच्या बाबतीत एवढेच सांगतो की त्या पुन्हापुन्हा वाजवून पाहू नयेत. मागचे प्लास्टिकचे दोन कान मोडावेत म्हणजे चुकून त्यावर दुसरे मुद्रण होणार नाही, आणि मग त्या जाणत्या माणसाकडून एकदाच संगणकावर उतरवून घ्याव्यात.

सहावी पायरी : जे उघडायचे नाही ते बाजूला ठेवणे

स्त्रियांच्या अनेक संघटना समुपदेशन केंद्रे चालवत, त्यामुळे ट्रंकेत मारहाणीच्या तक्रारी, पोलिसांना लिहिलेल्या अर्जांच्या प्रती, घटस्फोटाच्या फायली सापडू शकतात. त्या बायकांनी मदत मागण्यासाठी सांगितलेल्या गोष्टी आहेत, इतिहासासाठी दिलेल्या नाहीत. अशा फायली स्वतःही पूर्ण वाचू नयेत. त्या वेगळ्या बांधून त्यांवर ‘गोपनीय’ लिहावे, त्यांचे फोटो काढू नयेत आणि संस्थेकडे सोपवताना ठराविक वर्षे कुणालाही दाखवू नयेत अशी अट घालावी. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत घातलेली ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. मात्र मूळ कागदावरचे नाव खोडू नये; झाकायचे ते छायाप्रतीवर झाकावे.

पत्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पत्र ज्याच्या घरी आहे त्याच्या मालकीचा कागद असतो, परंतु मजकुराचा स्वामित्वहक्क पत्र लिहिणारीचा, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांचा असतो. जपून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, पण छापायला लागते.

सातवी पायरी : नोंद, प्रत आणि सोपवणूक

नोंदवहीत प्रत्येक कागदाची नोंद एका ओळीत मावावी : ‘गठ्ठा ३, क्र. १७, हस्तपत्रक, सायक्लोस्टाइल, १ पान, हुंडाविरोधी सभेचे निमंत्रण, तारीख नाही, मागे पेन्सिलीने वर्गणीचा हिशोब, उजवा कोपरा फाटलेला’. मागची बाजू नेहमी पाहावी. कागद महाग होता तेव्हा पाठकोरी बाजू वाया जात नसे.

फोटो काढायचे तर दिवसा, उन्हाची तिरीप न येणाऱ्या खिडकीशी, कागद सपाट ठेवून, एका कडेला पट्टी ठेवून काढावेत म्हणजे आकार कळतो. फाइलला ‘फोटो नवा १’ असे नाव न देता गठ्ठ्याचा आणि कागदाचा क्रमांक द्यावा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्र दाबले जाऊन त्याचा बारकावा जातो, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी, आणि एक प्रत तरी दुसऱ्या गावी असावी. प्रत झाली म्हणून मूळ कागद टाकू नये, हे सांगावे लागू नये, पण लागते.

सोपवण्यासाठी मुंबईत १९८८ मध्ये स्थापन झालेले ‘स्पॅरो’ हे खास स्त्रियांच्या ध्वनी-चित्र अभिलेखांसाठी उभारलेले संग्रहालय आहे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ पासूनचे स्त्री अभ्यास संशोधन केंद्र आहे आणि पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे स्त्री अभ्यास केंद्र आहे. थेट टेम्पो घेऊन जाऊ नये. आधी नोंदवहीची प्रत पाठवावी आणि संस्थेला काय घेता येईल, ते कुठे ठेवले जाईल, वाचकाला कसे मिळेल हे विचारावे. संग्रह फोडून चांगला भाग घ्यायचा आणि पावतीपुस्तके परत द्यायची, असा प्रस्ताव आला तर दुसरी संस्था पाहावी, हे माझे मत आहे. देणगीपत्रावर अटी, मालकी आणि बंद ठेवायच्या फायलींची मुदत स्पष्ट लिहून घ्यावी, आणि नोंदवहीच्या प्रत्येक पानावर घेणाऱ्याची सही घेऊन एक प्रत घरी ठेवावी.

सगळे कागद गेल्यावर रिकामी ट्रंक उरते. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एकदा बॅटरी मारून पाहावे. तिथे बिल्ले अडकवलेले असतात, महिलादिनाचे स्टिकर चिकटवलेले असतात, आणि कधीकधी सभासद बायकांच्या घरांचे पत्ते रंगाने लिहिलेले असतात. त्याचाही फोटो काढून नोंदवहीत शेवटचा क्रमांक द्यावा.